ऑर्ग मोडच्या अजेंड्यातून कामे पुन्हा पुन्हा गायब होणे : कारणे आणि उपाय

ईमॅक्स या मजकूर संपादकातील ऑर्ग मोडमध्ये मी घरची शेती, जनावरे, मुलांच्या शाळेची कामे आणि आमच्या महिला बचत गटाचा हिशेब असे सगळे एकाच ठिकाणी लिहून ठेवते. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे, पीक मुख्यतः कपाशी, सोयाबीन आणि तूर, आणि संगणक म्हणजे घरातला एक जुना डेस्कटॉप. या व्यवस्थेत मला वारंवार एकच अडचण येत होती, आणि ती शोधून काढायला जवळपास एक अख्खा खरीप हंगाम गेला. फाइल उघडली की काम जागेवर दिसते, त्याखाली तारीखही दिसते, परंतु अजेंडा, म्हणजे कामांची दिवसवार यादी, उघडला की त्या दिवसाखाली ते काम येत नाही. एक काम दुरुस्त करावे तर आठवडाभर सर्व ठीक चालते आणि मग दुसरेच एखादे काम गळते.

असे एक काम गळणे काय असते, हे मला ई-पीक पाहणीच्या वेळी कळले. २०२१ पासून पिकाची नोंद कास्तकाराने स्वतः मोबाईलवरून करायची असते आणि त्यासाठी वावरात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते. आमच्या दोन वावरांपैकी नाल्याकाठच्या वावराची नोंद राहिली होती. ती फाइलमध्ये नीट लिहिलेली होती, पण अजेंड्यात आलीच नाही. मुदतीच्या शेवटच्या दुपारी सासऱ्यांनी सहज विचारले म्हणून लक्षात आले, आणि धुऱ्यावर उभे राहून, नेटवर्क मिळेल तिथे सरकत सरकत ती नोंद कशीबशी पूर्ण केली. त्यानंतर मी ठरवले की सॉफ्टवेअर विसरते अशी समजूत करून घेऊन गप्प बसायचे नाही, प्रत्येक गळलेल्या कामाचे कारण शोधायचे.

कारण शोधण्याआधी अजेंडा कसा तयार होतो हे समजून घेणे आवश्यक आहे. कार्स्टन डॉमिनिक या ॲम्स्टरडॅममधील खगोलशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये ऑर्ग मोड तयार केला, आणि त्याची मूळ कल्पना अशी की सगळी माहिती साध्या मजकुरातच राहावी. म्हणून अजेंडा ही वेगळी वही नाही. तो कोठेही साठवलेला नसतो. आपण तो मागवतो तेव्हा ऑर्ग मोड ठरावीक फाइली वाचतो, त्यांत ठरावीक आकाराच्या तारखा आणि काम बाकी आहे की झाले ते सांगणारे ठरावीक स्थितिदर्शक शब्द शोधतो, आणि जे सापडेल त्याचीच यादी मांडतो. आपल्या डोळ्यांना जी तारीख दिसते ती त्याच्या दृष्टीने तारीख नसेल, तर कसलीही चूक न दाखवता तो पुढे जातो. माझी जवळजवळ सर्व गळलेली कामे या एकाच प्रकारची निघाली.

त्यामुळे सर्वांत आधी करायची चाचणी अगदी सोपी आहे. गळलेल्या कामाच्या तारखेवर कर्सर ठेवा आणि शिफ्टसह उजवा बाण दाबा. तारीख एका दिवसाने बदलली, तर ती खरी तारीख आहे आणि कारण दुसरीकडे शोधावे लागेल. काहीच झाले नाही, किंवा नुसता मजकूर निवडला गेला, तर ऑर्ग मोडला ती तारीख वाटतच नाही. स्थितिदर्शक शब्दासाठी अशीच चाचणी म्हणजे शीर्षकावर, म्हणजे कामाच्या नावाच्या ओळीवर, कंट्रोल-सी कंट्रोल-टी दाबणे : आधीचा शब्द बदलून नवा आला तर ठीक, आणि आधीचा शब्द तसाच राहून त्याच्या आधी आणखी एक शब्द लागला, तर पहिला शब्द ओळखलाच गेलेला नाही.

देवनागरी अंकांतील तारखा

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ते कधी भेटतच नाही. ऑर्ग मोड तारीख ओळखतो ती चार अंकी वर्ष, आडवी रेघ, दोन अंकी महिना, आडवी रेघ, दोन अंकी दिवस या आकारावरून, आणि त्याला अंक म्हणून फक्त इंग्रजी अंक चालतात. मी मराठी टंकनाची जी मांडणी वापरते तिच्यात आकडेही देवनागरीच उमटतात. मराठीत काम लिहिता लिहिता मी तारीखही त्याच ओघात हाताने लिहीत असे. कंस बरोबर, रेघा बरोबर, आकडे देवनागरी, आणि काम अजेंड्याबाहेर. वाराचे नाव मात्र मराठीत असले तरी बिघडत नाही, कारण त्या जागी कोणताही शब्द स्वीकारला जातो. यामुळेच माझा गोंधळ जास्त वाढला होता, कारण मराठी वार असलेली काही कामे व्यवस्थित येत होती आणि मी दोष दुसरीकडे शोधत होते.

जुन्या चुका शोधण्यासाठी ईमॅक्समधील ऑकर (occur) ही आज्ञा उपयोगी पडते. ऑल्ट-एक्स दाबून ती बोलवावी आणि शोधायचा नमुना म्हणून चौकटी कंसात देवनागरी शून्यापासून देवनागरी नवापर्यंतचा पल्ला लिहावा, म्हणजे असे आकडे असलेल्या सर्व ओळी एका खिडकीत जमा होतात. माझ्या चार फाइलींत तारखेच्या अशा ४७ ओळी निघाल्या. मागे सरलेल्या तारखा मी तशाच सोडल्या. पुढच्या तारखा मात्र खोडून नव्याने घातल्या, आणि त्या घालताना हाताने लिहिणे पूर्ण बंद केले. शीर्षकावर कंट्रोल-सी कंट्रोल-एस दाबले की काम हाती घेण्याचा दिवस, आणि कंट्रोल-सी कंट्रोल-डी दाबले की शेवटची मुदत विचारली जाते. त्या वेळी खाली दिनदर्शिका उघडते आणि तिच्यात शिफ्ट आणि बाण यांनी दिवस निवडता येतो. आकडे ईमॅक्स स्वतः घालतो, त्यामुळे ते नेहमी योग्यच असतात.

बचत गटाच्या तक्त्यांतही हेच कारण होते. मासिक बचत, अंतर्गत कर्ज आणि व्याज यांचे रकाने मी ऑर्ग मोडच्या तक्त्यात ठेवते आणि बेरजेची सूत्रे खाली लिहिते. रकमेत देवनागरी आकडे असले की ती रक्कम संख्या म्हणून वाचली जात नाही. तिथे बेरीज एक तर चुकते किंवा चूक झाल्याची खूण उमटते. यातला पहिला प्रकार अधिक धोक्याचा आहे, कारण दहाजणींपैकी दोघींच्या रकमा अशा असतील तर उत्तर येते, पण ते कमी येते. तक्ता निवडून ऑल्ट आणि टक्केचिन्ह दाबले की शोधून बदलण्याची सोय मिळते आणि ती निवडलेल्या भागापुरतीच चालते. दहा अंकांसाठी ती दहा वेळा चालवावी लागली, पण एकदाच. वर्णनाच्या मजकुरातील देवनागरी आकडे मी जसेच्या तसे ठेवले आहेत. ते तिथेच शोभतात आणि त्यांनी काही अडत नाही.

टंकनाविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगणे योग्य आहे. संगणकाची सर्वसाधारण मराठी मांडणी चालू ठेवून ईमॅक्स वापरला, तर माझ्या लिनक्सवर कंट्रोल-एक्ससारख्या आज्ञा चालत नाहीत, कारण त्या कळेवर त्या क्षणी देवनागरी अक्षर असते आणि अशी आज्ञा अस्तित्वात नाही असा संदेश येतो. यावर उपाय म्हणजे संगणकाची मांडणी इंग्रजीच ठेवायची आणि ईमॅक्सची स्वतःची इनपुट पद्धत वापरायची. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की ती चालू-बंद होते. पहिल्यांदा पद्धतीचे नाव विचारले जाते, तेव्हा देवनागरी-इन्स्क्रिप्ट किंवा देवनागरी-आयट्रान्स यांपैकी सवयीचे निवडावे. अशा रीतीने मजकूर मराठीत आणि आज्ञा नेहमीच्या, अशी दोन्ही कामे अडथळ्याविना होतात.

सारखा दिसणारा पण वेगळा असणारा शब्द

कामांच्या स्थितीसाठी मी मराठी शब्द ठरवले होते : बाकी, दुसऱ्याकडे, झाले आणि रद्द. यांतला ‘दुसऱ्याकडे’ हा शब्द माझ्या फार उपयोगाचा होता, कारण गावातली निम्मी कामे आपल्या हातची नसतात. फेरफारची नोंद तलाठ्याकडे असते, फवारणीचा पंप दुरुस्तीला गेलेला असतो, जिनिंगमध्ये दिलेल्या कापसाचा चुकारा यायचा असतो. नेमकी याच स्थितीतली काही कामे बाकी कामांच्या यादीतून गळत होती, आणि काही नव्हती. तारखांचा प्रश्न सुटल्यावरही हे चालूच राहिले.

कारण ‘ऱ्या’ या जोडाक्षरात होते. ‘शेतकऱ्यांचा’, ‘दुसऱ्याकडे’, ‘वाऱ्यामुळे’ अशा शब्दांतला हा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात त्याच्यासाठी नुक्ता असलेले वेगळे अक्षर, म्हणजे युनिकोडमधील ०९३१ क्रमांकाचे अक्षर, वापरले जाते. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. माझ्या संगणकावर एक प्रकार उमटत होता आणि मोबाईलवर दुसरा. म्हणून मोबाईलवरून लिहिलेली कामे ओळखली जात नव्हती. कर्सर त्या अक्षरावर ठेवून कंट्रोल-यू, मग कंट्रोल-एक्स आणि बरोबरचे चिन्ह दाबले की ईमॅक्स त्या जोडाक्षरात कोणकोणती अक्षरे आहेत ते दाखवतो. हे पाहिले नसते तर मला याचा उलगडा झाला नसता.

‘ॲ’ या अक्षराचेही असेच आहे. ते एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि ‘अ’ला चंद्र जोडूनही. त्यामुळे ‘ॲ’ असलेल्या औषधाचे नाव शोधले की निम्म्याच नोंदी सापडतात, हे फवारणीच्या नोंदी ठेवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

मी ‘दुसऱ्याकडे’ हा शब्द काढून त्याऐवजी ‘अडले’ हा शब्द घेतला. शब्द आवडता होता, पण स्थितिदर्शक शब्द असा असावा की तो कोणत्याही कळफलकावरून एकाच रीतीने उमटेल. याच न्यायाने बोलण्यातले ‘झालं’ आणि लिखाणातले ‘झाले’ यांपैकी एकच ठरवावे. मी घाईत हाताने ‘झालं’ लिहिलेली कामे पूर्ण झाल्याचे धरले जात नव्हते आणि रोज मागे लागत होती. शब्दांची यादी फाइलच्या वरच्या ओळीत लिहिली असेल, तर ती बदलल्यानंतर त्याच ओळीवर कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबणे आवश्यक असते, नाहीतर जुनीच यादी लागू राहते. मी आता ही यादी फाइलीफाइलीत न ठेवता ईमॅक्सच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये, म्हणजे तो सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये, एकदाच ठेवली आहे, कारण एका फाइलमध्ये ‘अडले’ आहे आणि दुसरीत नाही, असा प्रकारही माझ्याकडे झाला होता.

फाइल यादीत असूनही नसणे

तारीख आणि शब्द दोन्ही चाचणीत उतरले, तर ती फाइल अजेंड्याच्या यादीत आहे का ते पाहावे. एखादी फाइल उघडून कंट्रोल-सी आणि डावा चौकटी कंस दाबला की ती यादीत जाते. मी तसेच करत होते, आणि संगणक पुन्हा सुरू केला की फाइल यादीतून गेलेली असे. कारण असे निघाले की तीच यादी मी सुरुवातीच्या फाइलमध्येही हाताने लिहिलेली होती. कळा दाबून केलेली भर साठवली जाते खरी, पण सुरुवातीच्या फाइलमधील ओळ तिच्यानंतर वाचली गेली की ती साठवलेली यादी पुसून जुनी यादी लागू करते. यादी एकाच ठिकाणी ठेवावी. मी संपूर्ण फोल्डरचे नाव दिले आहे. मात्र फोल्डर दिल्यावर फक्त त्याच फोल्डरमधील ऑर्ग फाइली घेतल्या जातात, आतल्या उपफोल्डरमधील नाही. ‘शेती’ या उपफोल्डरमध्ये मी व्यवस्थितपणे हलवलेल्या फाइली याच कारणाने एका दिवसात दिसेनाशा झाल्या होत्या.

आणखी दोन लहान कारणे येथेच नोंदवते. मुदतीची किंवा नियोजनाची ओळ शीर्षकाच्या लगेच खाली असावी लागते. मध्ये एखादी टीप लिहिली की ती ओळ नियोजन म्हणून वाचली जात नाही. ऑर्ग-लिंट ही आज्ञा अशा जागा चुकलेल्या ओळी दाखवते. दुसरे असे की चौकटी कंसातील तारीख ही केवळ नोंदीसाठी असते आणि अजेंड्यात येत नाही. त्यासाठी कोनाकृती कंस लागतो.

पुन्हा पुन्हा येणारी कामे

शेतीत आणि गटात एकदाच करायची कामे थोडी आणि ठरावीक अंतराने करायची कामे फार, त्यामुळे पुनरावृत्तीच्या खुणा नीट समजून घेतल्याशिवाय गळती थांबत नाही. तारखेच्या शेवटी अधिकचे चिन्ह, संख्या आणि दिवस, आठवडा किंवा महिना दाखवणारे अक्षर लिहिले की काम पूर्ण केल्यावर तारीख तेवढी पुढे सरकते. पण ही खूण तीन प्रकारची आहे, आणि चुकीचा प्रकार निवडला तर काम चुकीच्या दिवशी जाते.

एकच अधिकचिन्ह असेल तर तारीख मूळ तारखेपासून फक्त एक टप्पा पुढे जाते. बचत गटाच्या मासिक हप्त्यासाठी हेच योग्य आहे, कारण दोन महिन्यांचे हप्ते राहिले असतील तर एक भरल्यावर दुसरा थकलेला दिसलाच पाहिजे. दोन अधिकचिन्हे असतील तर तारीख आजच्या पुढे जाईपर्यंत टप्प्याटप्प्याने सरकते आणि वार तोच राहतो. आठवडी बाजाराची यादी मी या खुणेने ठेवते, कारण गेला बाजार चुकला तर तो गेलाच, पुढचा मात्र त्याच वारी भरणार. टिंब आणि अधिकचिन्ह असेल तर काम ज्या दिवशी प्रत्यक्ष केले त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. ठिबकचा फिल्टर धुणे किंवा कपाशीतील कामगंध सापळ्यातील ल्यूर (पतंगांना ओढणारे गंधाचे आमिष) बदलणे अशा कामांना हीच खूण लागते, कारण ल्यूर चार दिवस उशिरा बदलला तर पुढची तारीखही चार दिवसांनी पुढे जायला हवी. सापळ्यांमधील पतंग मोजणे हे मात्र वेगळे काम आहे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग ही उपाययोजना सुरू करण्याची पातळी सांगितली जाते, म्हणून हंगामात ते काम रोजचेच ठेवावे लागते आणि आकडा त्याच शीर्षकाखाली लिहावा लागतो.

मी आरंभी बाजाराला टिंबाची खूण लावली होती. एकदा बुधवारी यादी पूर्ण केली आणि पुढच्या आठवड्यापासून बाजार बुधवारी दिसू लागला. मंगळवारच्या अजेंड्यात तो नाही म्हणून मी तो गळल्याचे समजले होते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पुनरावृत्तीचे काम पूर्ण झाल्याचे हाताने लिहू नये. ‘बाकी’ खोडून तिथे ‘झाले’ टंकले, तर ऑर्ग मोडला काम पूर्ण झाल्याची घटना कळतच नाही, तारीख पुढे सरकत नाही आणि काम पूर्ण झालेले म्हणून कायमचे मागे पडते. शीर्षकावर कंट्रोल-सी कंट्रोल-टी, किंवा अजेंड्यातच त्या ओळीवर टी ही कळ दाबावी. मोबाईलवर साध्या नोंदवहीतून फाइल उघडून बदल करणाऱ्यांकडून ही चूक हमखास होते. ऑर्गझ्लीसारखे ऑर्ग फाइल समजणारे ॲप वापरले तर तारीख नीट सरकते आणि आकड्यांचाही प्रश्न येत नाही.

मुदतीच्या कामांबाबत एवढेच सांगते की ती साधारणपणे १४ दिवस आधीपासून अजेंड्यात दिसू लागतात. पीक कर्जाचे नवे-जुने करण्यासाठी १४ दिवस अगदीच अपुरे आहेत. तूर विकून पैसा हाती यायचा असतो, कागदपत्रे जमवायची असतात. अशा मुदतीच्या तारखेत वजाचे चिन्ह, ४५ आणि दिवसाचे अक्षर लिहिले की दीड महिना आधीपासून ते काम समोर राहते. आकडा येथेही इंग्रजीतच हवा.

वीज गेल्यानंतर

आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि डेस्कटॉपला बॅटरी नसते. ईमॅक्स मजकूर सुमारे ३०० कळा दाबल्यावर किंवा हात ३० सेकंद थांबल्यावर एका वेगळ्या फाइलमध्ये आपोआप साठवतो. पण वीज आल्यावर तुम्ही मूळ फाइल उघडून तशीच पुढे लिहू लागलात, तर आधी लिहिलेले काम त्या वेगळ्या फाइलमध्येच राहते आणि अजेंड्यात येत नाही. मी हे अनेकदा केले आहे. आता वीज आल्यावर दुसरे काहीही उघडण्याआधी ऑल्ट-एक्स दाबून रिकव्हर-सेशन ही आज्ञा चालवते. ती मागच्या सत्रांची यादी देते, त्यातले सत्र निवडून कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबले की न साठवलेल्या प्रत्येक फाइलबद्दल विचारते.

त्याच काळात मोबाईलवरून काही लिहिले गेले असेल, तर संगणक आणि मोबाईलवरील फाइली जुळवून ठेवणारा सिंकथिंग हा प्रोग्राम दोन्ही प्रती ठेवतो आणि एका प्रतीच्या नावात विसंगतीची खूण घालतो. त्या प्रतीचे नावही ऑर्ग फाइलसारखेच संपते. संपूर्ण फोल्डर अजेंड्यात असल्यामुळे तीही वाचली जाते आणि तीच कामे दोनदा दिसू लागतात. दुहेरी कामांपैकी एक खोडून टाकण्याचा मोह येथे टाळावा, कारण नवी भर कोणत्या प्रतीत आहे हे अजेंड्यावरून कळत नाही. ईडिफ-फाइल्स या आज्ञेने दोन्ही प्रती शेजारी उघडाव्यात, फरक एकेक करून मूळ फाइलमध्ये घ्यावेत, ती साठवावी, आणि नंतरच दुसरी प्रत फोल्डरमधून काढावी. यानंतर अजेंड्यात इंग्रजी जी ही कळ दाबून तो नव्याने तयार करून घ्यावा, कारण आधीपासून उघडा असलेला अजेंडा फाइली बदलल्या तरी स्वतःहून बदलत नाही.